मत द्यायला खाली या

आमच्या गावच्या सभागृहात एक कपाट होतं. त्या कपाटावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी सख्ख्या भावांत जमिनीवरून होत नसतील.

सभागृह सगळ्यांचं. आमचं महिला मंडळ, मास्तरांचं नाट्यमंडळ आणि पत्तेवाल्यांचा क्लब, तिघांचा संसार एकाच छपराखाली. आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण घरमालक, बाकीचे पोटभाडेकरू. कपाट मात्र आमचं. त्यात आमच्या कपबशा, टेबलावर घालायची कापडं, शिवणाचं सामान. आधीचं कपाट बुटकं होतं, मागच्या बाजूला बाल्कनीखाली उभं. पत्तेवाले त्याच्यावर स्वतःच्या ओल्या छत्र्या टाकायचे, मास्तर नाटकातल्या तलवारी आणि दाढ्यामिशा. एकदा चहाच्या किटलीत मिशी सापडली. त्या दिवशी मी सुताराला बोलावलं आणि म्हटलं, "कपाट असं कर की वर टोपीसुद्धा ठेवता येणार नाही. थेट बाल्कनीच्या तुळईपर्यंत ने."

त्यानं नेलं. कपाटाचा माथा आणि तुळई यांच्यात बोटभर फट राहिली. तिथून उंदीर शिरू नयेत म्हणून आम्ही वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. मास्तर म्हणाले, "वहिनी, कपाट बांधलंय की किल्ला?" मी म्हटलं, "शेजार कसा आहे ते बघून बांधावं लागतं."

मला सगळे तोंडावर वहिनी म्हणायचे आणि पाठीमागं तोफ. मला दोन्ही माहीत होतं. खरं सांगायचं तर तोफ ऐकून जास्त बरं वाटायचं. मंडळाची अध्यक्ष मी, आणि दरवर्षी मीच. आमच्याकडं मत कागदावर नसे. निम्म्या बायकांना लिहिता येत नव्हतं, माझीही शाळा दुसरीतच आटोपली होती. त्यामुळं आमचं मत म्हणजे उभं राहणं. जिच्या बाजूनं मत, तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं. आणि चालत जायचं. एका वर्षी धक्काबुक्कीत एकीचा चष्मा फुटला, तेव्हापासून नियमच केला: धावत आली, ढकललं, की मत बाद. हा नियम गावात पोरासोरांनाही पाठ होता.

त्या वर्षी तरण्या बायकांना मी नको होते. "त्याच त्या कपबशा, तीच ती तोफ," असं चालायचं त्यांचं. नव्या अध्यक्ष म्हणून त्यांनी कुणाला हेरलं होतं? माझ्या सुनेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं. माझा मुलगा आणि ती वर्षापूर्वी वेगळे राहायला गेले होते. तेव्हापासून आमच्यात बोलणं म्हणजे नातीमार्फत. "आजीला सांग, पोळलेल्या बोटाला मलम लावलंय." "आईला सांग, मलम लावायची वेळ येऊ नये म्हणून जपून काम करावं." पोर बिचारी दोघींच्या मध्ये पोस्टमन झाली होती.

सुनेची आई हॉस्पिटलातल्या चादरी धुते. लग्नाच्या वेळी मी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. तो मोठेपणा माझा मलाच फार वाटायचा.

तर नाट्यमंडळाचा वर्षाचा प्रयोग होता, रविवारी दुपारी. आदल्या आठवड्यात मास्तरांनी एक उद्योग केला होता. बाल्कनीखाली मधोमध एक लाकडी खांब होता, मागच्या रांगांना आड यायचा. मास्तरांनी तो काढून टाकला. मी विचारलं तर म्हणाले, "कंत्राटदारानं ठोकून बघितलाय. शोभेचा आहे." आणि मी वळल्यावर पत्तेवाल्यांना म्हणाले, "शोभेचा खांब गेला, आता शोभेची अध्यक्ष तेवढी राहिली." माझे कान तिखट आहेत. पण म्हटलं, प्रयोगानंतर बघू.

सभागृह गच्च भरलं होतं. वर बाल्कनीत तरण्या बायका आणि लेकरं. ती त्यांची ठरलेली जागा, सासवांच्या नजरेपासून लांब. माझी सून पहिल्या रांगेत, कठड्याला लागून, नात मांडीवर. बाल्कनीखाली मागच्या खुर्च्यांवर पत्तेवाले, त्यांत आमचे हे, पडदा उघडायच्या आत झोपलेले.

पहिला अंक निम्मा झाला तशी मी चहाच्या तयारीला उठले. कपाटाशी गेले. या कपाटाचं दार म्हणजे वाह्यात कार्टं होतं. जमीन उतरती, त्यामुळं कितीही लावा, आपोआप उघडायचं. मी त्याला दोरी बांधून ठेवायचे. दोरी सोडली. दार जागचं हललं नाही.

ओढलं. नाही. पाय लावून ओढलं. नाहीच.

मी वर बघितलं. फट नव्हती. वर्तमानपत्राच्या घड्या पापडासारख्या चपट्या झाल्या होत्या आणि तुळई सरळ कपाटाच्या डोक्यावर बसली होती. कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना बाहेर पोट आलं होतं. तेवढ्यात रंगमंचावर कुणी विनोद केला, वर बायका हसल्या, आणि फळी कण्हली. म्हाताऱ्या माणसानं उठताना कण्हावं तशी. माझ्या हातावर बारीक भुसा पडला.

अख्खी बाल्कनी माझ्या कपबशांच्या कपाटावर उभी होती.

पहिल्यांदा तोंडात आलं ते "पळा". ते मी गिळलं. कारण जिना. वर जायचा एकच जिना, लाकडी, अरुंद, मध्ये वळण घेतलेला, आणि त्याचं वरचं टोक त्याच तुळईला खिळलेलं. "पळा" म्हटलं की सगळ्या एकदम त्याच्यावर. मध्यंतराची घंटा झाली तरी तेच. आमच्याकडं जी आधी खाली पोचेल तिला बशी मिळायची, उरलेल्यांना नुसता कप. दर मध्यंतराला जिन्यावर चेंगराचेंगरी ठरलेली.

आणि मध्यंतराच्या आधी खलनायक येणार होता. आमच्या सभागृहाची ही जुनी खोड. खलनायक आला की सगळ्यांनी पाय आपटायचे, धाड धाड धाड, तो बोलायला लागेपर्यंत. बाल्कनी सगळ्यांत जोरात. खलनायक व्हायचा शिंपी, आणि त्याला ते इतकं आवडायचं की तो मुद्दाम बोलायचा नाही.

माझी नणंद दारात बिस्किटांचे डबे घेऊन उभी होती. तिला जवळ घेतलं. "ओरडलीस तर बघ," म्हटलं आणि कपाट दाखवलं. तिनं डबे छातीशी धरले.

"वहिनी, अगं वर..."

"माहितेय वर कोण आहे. तू इथं उभी राहा. दाराला कुणाचा हात लागू देऊ नकोस. कुणी विचारलं तर सांग, किल्ली हरवली."

"आणि तू?"

"मी मास्तरांच्या पाया पडायला जातेय."

ती त्या सगळ्या संकटातही माझ्याकडं बघतच राहिली.

मी बाहेरच्या बोळातून विंगेत गेले. मास्तर राजाच्या वेषात, मुकुट घालून उभे. शेजारी शिंपी, काळा झगा, प्रवेशाला तयार.

"याला सोडू नका आत," मी म्हटलं.

मास्तर दबक्या आवाजात फिस्कारले, "वहिनी, तुमचं मंडळ तिकडं. इथं प्रयोग चाललाय."

"बाल्कनी पडतेय."

"काय तरी कावा करू नका! शनिवारचा हॉल तुम्हाला नाही दिला म्हणून..."

"मास्तर, शनिवार घ्या, रविवार घ्या, वर्षातले सगळे वार घ्या. एकदा डोळ्यांनी बघा आणि मग मला हाकला."

मी असं कधी बोलत नाही. बहुतेक म्हणूनच ते आले. बोळातून, मुकुटासकट. कपाटाशी उभे राहिले. मान वर केली. खांब होता त्या जागी, जमिनीवर, एक फिकट चौकोन उरला होता, तो बघितला.

"मी... त्यानं ठोकून बघितला होता हो."

"रडायचं नंतर. आता काय?"

"शिट्टी वाजवतो. नाहीतर पडदा टाकतो, सांगतो की..."

"काय सांगाल? जिन्यावर मुडदे पडतील."

"मग कशानं उतरतील त्या? एकेक करून, हळू? या गावात कुणी कधी रांगेत चाललंय का?"

मास्तर रागानं म्हणाले ते, पण माझ्या डोक्यात तिथंच उजेड पडला. चालल्यात की. वर्षातून एकदा चालतात.

"मला तुमच्या स्टेजवर जाऊ द्या," मी म्हटलं.

या माणसानं आमच्या मंडळाला त्या स्टेजवर कधी सतरंजी घालू दिली नव्हती. ते बाजूला झाले. शिंप्याला मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

रंगमंचावर राणी आणि प्रधान यांचं बोलणं चाललं होतं. मी सरळ मध्ये जाऊन उभी राहिले. राणी म्हणजे पोस्टातला कारकून. तो मला बघून वाक्यच विसरला. सभागृहात खसखस पिकली. आणि मग वरून कुणीतरी पाय आपटला.

धाड.

खलनायक आला ना! दुसरीनं आपटला. तिसरीनं. अख्खी बाल्कनी हसत हसत माझ्यासाठी पाय आपटायला लागली. मला समोर मागची भिंत दिसत होती, तिच्यापुढं कपाट, आणि कपाटाला पाठ लावून नणंद. तिच्या डोक्यावर भुसा पडत होता आणि ती डोळे मिटून उभी होती.

मी ओरडले, "पाय आपटणारीला मत नाही!"

"कसलं मत?" खालून कुणीतरी विचारलं.

"अध्यक्षपदाचं. मी सोडतेय. आत्ता, इथं."

पाय थांबले.

"तुम्हाला मी नको आहे हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? बाल्कनीत बसून कुजबुज करता, ती खाली ऐकू येते. मग होऊन जाऊ दे. जिला मी नको, तिनं खाली येऊन या डाव्या भिंतीशी, स्टेजला लागून उभं राहायचं. सगळ्या गावासमोर. आज जी उतरणार नाही तिनं पुढं वर्षभर माझ्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. नियम तोच. मागची रांग आधी. एकीमागं एक. लेकराचा हात धरून. जी धावली, जिनं ढकललं, तिचं मत बाद, आणि मी पुन्हा अध्यक्ष!"

अशी धमकी कुणाला कधी कुणी दिली नसेल. मागची रांग उठली. शिस्तीत. बायका एकमेकींना सांगत होत्या, "हळू गं, हळू, म्हातारी मत बाद करेल." जिन्यावर एकेक पाऊल. मला जिन्याची प्रत्येक पायरी माझ्या छातीवर वाजत होती. त्या खाली येत होत्या, माझ्यासमोरून जात होत्या आणि डाव्या भिंतीशी उभ्या राहत होत्या. काही मान खाली घालून, काही चक्क हसून. जिच्या बाळंतपणात मी रात्ररात्र बसले होते, तीही गेली. मी मनात म्हणत होते, जा गं बाई, जा, लवकर जा. नाही, लवकर नको.

खालच्या पत्तेवाल्यांना तोवर मास्तरांच्या माणसांनी "साक्षीदार पुढं या" म्हणून उठवलं. आमच्या ह्यांना कुणीतरी हलवून सांगितलं, "ऊठ, तुझी बायको राजीनामा देतेय." ते खडबडून उठले, "घरचा पण?" म्हणाले आणि पुढं आले. लोक हसले. त्या हसण्यानं कपाटाची एक फळी फाटल्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. मला आला.

"वन्सं, बिस्किटं घेऊन पुढं ये," मी म्हटलं. नणंद कपाट सोडून निघाली ती पायाला मुंग्या आल्यासारखी चालत.

बाल्कनी रिकामी झाली. पहिली रांग सोडून. पहिल्या रांगेत एकच बाई बसून होती, मांडीवर लेकरू घेऊन.

माझी सून.

"तू पण ऊठ," मी म्हटलं.

ती हलली नाही. वर्षभरात पहिल्यांदा ती सरळ माझ्याशी बोलली. "मी नाही येणार."

"का?"

"तुम्ही म्हणालात, जिला तुम्ही नको तिनं यावं. मी वेगळी राहते म्हणून गावासमोर सासूच्या विरुद्ध उभी राहीन असं नाही. अध्यक्ष व्हायला त्यांना मी कधीच नाही म्हणून सांगितलंय."

डाव्या भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. काय माणसं असतात बघा. मी जिला दांडा समजत होते, ती एकटी माझ्या बाजूची निघाली. आणि नेमकी ती त्या तुळईच्या मधोमध बसली होती, माझ्या नातीला घेऊन.

"मग माझ्या बाजूनं म्हणून ये. उजवीकडं उभी राहा."

"बसूनच आहे मी तुमच्या बाजूनं. एवढा तमाशा कशाला? आधीच पोर झोपलीय." आणि ती नीट मागं टेकून बसली. खुर्ची करकरली. कठडा इतका हळू खाली झुकला की माझ्याशिवाय, आणि विंगेतल्या मास्तरांशिवाय, कुणाला दिसला नसेल.

खरं सांगितलं तर ती उठून धावेल. घाबरून, पोरीला उचलून, एकदम, जिन्यावर. हळू चालत यायला हवी. माणूस हळू कधी चालतं? फार रागात असलं की. मला ते माहीत आहे, मी स्वतः तशी चालते.

मी तोंड उघडलं.

"तुझी साथ मागितलीय कुणी? जन्मभर दुसऱ्यांची घाण धुणाऱ्या बाईची तू पोर. ज्या घरात पाहुण्याला बसायला धड खुर्ची नाही, तिथून माझ्या मुलानं तुला उचलून आणली, म्हणून आज त्या खुर्चीवर बसलीयस. माझ्या बाजूनं बसायची तुझी लायकी नाही. तुझ्या आईच्या हाताचा वास अजून जात नाही तुझ्या अंगावरून."

नणंदेच्या हातातला डबा पडला. माझा मुलगा स्टेजजवळच्या दाराशी उभा होता, त्यानं "आई!" म्हणून हाक मारली. अशी हाक त्यानं मला कधी मारली नव्हती, पुन्हा मारूही नये.

सून उठली. पोरीला खांद्यावर घेतलं. एकेक पाऊल टाकत बाल्कनीच्या टोकाशी गेली, जिन्याला लागली. वळणावर थांबली. मला वाटलं, आता ती तिथूनच बोलणार. मी म्हटलं, "थांबलीस काय? धमक नाही?" ती पुन्हा चालू लागली. शेवटची पायरी उतरली, मधल्या वाटेनं सरळ माझ्यासमोर आली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"या बाई अध्यक्ष नकोत," ती सगळ्यांना म्हणाली, "आणि सासू पण नको." आणि डाव्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

ते वाक्य संपलं आणि कपाट फुटलं. आधी कपबशा, एकदम सगळ्या. मग तुळई मधून मोडली आणि बाल्कनी रिकाम्या खुर्च्यांसकट खाली आली. जिनाही तिच्यामागं ओढला गेला. धुळीत काही दिसेना. लेकरं रडायला लागली तेव्हा कळलं, सगळी लेकरं पुढंच आहेत.

कुणाला साधं खरचटलंही नाही. फक्त मास्तर मुकुट घालून विंगेत खाली बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

मग काय, सगळ्यांना कळलं. बायका गळ्यात पडल्या, "वहिनी, तुम्हीच अध्यक्ष, ते मत काही खरं नव्हतं." मी म्हटलं, "मत म्हणजे मत. चालत आलात, कुणी ढकललं नाही, मोजलं गेलं." तेवढ्यासाठी मी माझा शब्द मोडणार नव्हते. बायकांनी सुनेला अध्यक्ष केलं, आणि या वेळी ती नाही म्हणाली नाही. सभागृहाला नगरपालिकेनं कुलूप लावलं, मंडळ शाळेच्या एका वर्गात भरायला लागलं.

चार-पाच दिवसांनी ती शिक्का घ्यायला माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली.

"तुम्ही का बोललात ते कळलं मला," ती म्हणाली. "ह्यांनी समजावलं, मास्तर घरी येऊन रडले. पोर वाचली तुमच्यामुळं. मीही."

"मग झालं तर."

"झालं नाही. एवढ्या घाईत माणसाला नवीन काही सुचत नाही. जे तोंडात तयार असतं तेच बाहेर येतं. घाण, खुर्ची, हाताचा वास. एका शब्दाला अडखळला नाहीत तुम्ही."

या गावात मला उलट बोलून कुणी उत्तराशिवाय परत गेलेलं नाही. मी शिक्का तिच्या हातात दिला.

"मला नका सांगू काही," ती म्हणाली. "आईला सांगा."

"काय सांगू?"

"ते तुम्हाला सुचेल. इतकी वर्षं भाषणं केलीत."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या मागच्या धुण्याच्या खोलीत गेले. वाफेनं भिंती घामेजलेल्या. विहीणबाई बाह्या वर करून पिळलेल्या चादरींचा ढीग उचलत होत्या. गावानं त्यांना सगळं शब्दाला शब्द पोचवलेलं असणार, गाव अशा बाबतीत कामचुकार नाही. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बसायला खुर्ची नाही," त्या म्हणाल्या.

"उभी राहते."

"उभ्याच राहणार असाल तर हे टोक धरा."

मी धरलं. चादर जड, ओली, गरम. त्या पलीकडून ताणायच्या, मी अलीकडून.

"विहीणबाई, मी त्या दिवशी..."

"ओढा. ढिली सोडलीत तर सुरकुती राहते."

मी ओढली. आम्ही ती घडी केली, दुसरी घेतली. ढीग अर्धा होईपर्यंत मी ते शब्द दोनदा तोंडापर्यंत आणले आणि दोनदा परत नेले. माझ्या तोंडाला मागं जायची सवय नाही. तिसऱ्यांदा बोलले. पूर्ण बोलले, काही न गाळता, मी काय म्हणाले होते तेसुद्धा पुन्हा उच्चारून, आणि ते माझ्या मनात लग्नापासून होतं हेसुद्धा.

त्यांनी ऐकलं. पुढची चादर झटकली, तिचं पाणी माझ्या तोंडावर उडालं, आणि टोक माझ्याकडं फेकलं.